टेकडीवरचा डायोड

बंदराचं रडार बंद पडलं त्याच दिवशी दुरुस्तीवालीला कळलं होतं, की बिघाड कुठे आहे. त्यासाठी लागणारा भाग कुठे मिळेल, हेही तिला कळलं होतं. पण ते तिने मनातल्या मनातच दाबून टाकलं.

गेला होता तो गन डायोड. मसुराच्या दाण्याएवढी ती वस्तू, पण रिसीव्हरमधली सूक्ष्मलहर तीच निर्माण करायची. तिच्याशिवाय पडदा नुसता काळा. रडार बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. नवं रडार मंजूर झालं होतं, पण ते येईपर्यंत धुक्याचा मोसम उलटून गेला असता.

तिने शोधायचं बाकी ठेवलं नाही. भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली, परदेशातल्या विक्रेत्यांना विचारलं. एकाने पाठवलेले डायोड दिसायला हुबेहूब होते, पण एकातूनही लहर निघेना. ट्रान्झिस्टर वापरून नवी जोडणी करावी म्हणून ती पुस्तकं घेऊन बसली. पुस्तकात गणित होतं. पण डायोड बसतो त्या पितळी पोकळीतला स्क्रू केसभर फिरवला की लहर कशी पळते, हे तिला शिकवलं होतं मास्तरांनी, स्वतःच्या हाताने. आणि मास्तर जाऊन वर्ष झालं होतं.

बंदराजवळच्या टेकडीवर मास्तरांनी बसवलेलं छोटं प्रक्षेपण यंत्र मात्र अजून चालू होतं. त्यांची मोर्स लिपीतली खूण, म्हणजे ठरलेले लांब-आखूड सूर, ते दिवसभर पाठवायचं. मास्तरांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या स्वयंपाकघरात ते सूर ऐकायचा छोटा रिसीव्हर होता. संध्याकाळी गॅस बंद केला की काकू तो लावून बसायच्या. त्या यंत्राच्या पोटात तसाच डायोड होता. त्याची पोकळी दुरुस्तीवालीनेच कोरली होती.

शेवटी ती काकूंकडे गेली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पण मूळ विषय ती टाळतच राहिली.

"काय ते बोलून टाक," काकू म्हणाल्या. "मघापासून कपबशीशी खेळते आहेस."

तिने सांगितलं. काकूंनी रिकामी कपबशी उचलली, धुतली, पुसली, पुन्हा धुतली.

"त्यांचे कपडे वाटून टाकले मी," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "पुस्तकं तुला दिली. तेवढं एक राहू दे गं."

"राहू दे, काकू. विषय संपला."

तिने खरोखरच विषय संपवला. बंदरप्रमुखांना सांगून टाकलं, की भाग मिळत नाही. ते रागावले नाहीत, नुसते खुर्चीत मागे टेकून बसले. त्याचं तिला जास्त लागलं.

मग एका सकाळी असं धुकं उतरलं, की धक्क्यावर उभं राहून धक्काच दिसेना. बाहेर अडकलेल्या होड्या भोंगे वाजवत चाचपडत होत्या. एक होडी खडकावर चढली. माणसं वाचली, पण होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या धाकट्या भावाचा पाय चिरडला.

भोंगे काकूंच्या घरापर्यंत ऐकू गेले होते. धुकं विरलं तशा त्या स्वेटर घालून दुरुस्तीवालीच्या दारात उभ्या राहिल्या.

"चल वर. बटण मात्र मी बंद करणार."

टेकडी चढताना काकू दोनदा थांबल्या. दमल्यामुळे, असं म्हणाल्या. वर पोचल्यावर त्यांनी पिशवीतून रिसीव्हर काढून कानाला लावला. दुरुस्तीवाली तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिली. खूण एकदा पुरी झाली, दुसऱ्यांदा सुरू झाली. ती मध्येच तुटू नये म्हणून काकू थांबल्या. मग त्यांनी बटण दाबलं.

"इतकं शांत होईल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुरुस्तीवालीने चिमट्याने डायोड अलगद सोडवला. तसा दुसरा मिळणार नव्हता. जरा जास्त दाब पडला, नाहीतर वीज उलटी जोडली गेली, की सगळंच संपलं. रडारच्या खोलीत तिने दार लावून घेतलं. अंगातली स्थिर वीज डायोडला लागू नये म्हणून पट्ट्याने मनगट जमिनीशी जोडलं, डायोड बसवला आणि वीज हळूहळू चढवली. मीटरचा काटा हललाच नाही. श्वास रोखून तिने स्क्रू किंचित मागे घेतला, आणि काटा उठला.

पडद्यावर किनारा उमटला. मग खडक. मग बारीक बारीक ठिपके.

बंदरप्रमुखांनी काकूंना खुर्ची दिली. काकू बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या.

"यात त्यांचं काही ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू." खोटं बोलायला तिची जीभ वळेना.

काकूंनी मान हलवली. पदराने डोळे टिपले, चष्मा चढवला आणि पडद्याच्या कडेला बोट नेलं.

"हा कोण?"

"मासेमारीची होडी. परत येतेय."

"आणि हा, मागे राहिलेला?"

"तीही येतेय. जरा हळू आहे."

"येऊ दे," काकू म्हणाल्या, आणि ती होडी धक्क्याला लागेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.