दुपारी ओढलेला चोक

मी एक जुना चोक आहे. चोक म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असण्याची शक्यता कमी, म्हणून आधी तेच सांगतो. जुन्या पेट्रोल मोटारीत चालकासमोर एक काळी मूठ असायची. ती मूठ म्हणजे मी. थंडीत इंजिन गारठलं की मला बाहेर ओढायचं. माझी तार कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याच्या, तोंडावरची झडप मिटवते, हवा कमी होते, पेट्रोल जास्त जातं आणि गाडी सुरू होते. इंजिन तापलं की मला आत लोटायचं. न लोटलं तर गाडी काळा धूर ओकते आणि बंद पडते. मित्रांनो, माझी सगळी अक्कल एवढीच.

पाबळजवळच्या जयसिंगरावांच्या गाडीत माझा संसार झाला. थंडीत पहाटे शेवंतीच्या पाट्या मागच्या सीटवर चढायच्या. जयसिंगराव मला ओढायचे आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, साखरबाई, इंजिनाचा आवाज ऐकत राहायच्या. आवाज जरा मऊ झाला की त्याच मला आत लोटायच्या.

"तुला बराबर कळतं गं," जयसिंगराव म्हणायचे. कौतुक साखरबाईंचं व्हायचं, पण मीही फुगायचो.

मग जयसिंगराव वारले. गाडीवर ताडपत्री आली आणि उंदरांनी सीट कुरतडली. मुलगा विक्रम रांजणगावच्या कारखान्यात लागला होता, त्यानं नवी गाडी आणून माझ्या शेजारी उभी केली. मी दिवसभर तिच्यात चोक शोधत होतो. सापडेना. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी, तरी ती एका बटणावर सुरू झाली. मी चक्रावलोच. हिला ओढतं कोण?

"आई, ह्यात फ्युएल इंजेक्शन हाय," विक्रम सांगत होता. "इंजिन गार हाय का गरम, ते सेन्सर बघतो आन् कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल सोडतो. आपण कायबी करायचं न्हाई."

"मंग शेजारी बसल्याली बाई करती काय?" साखरबाईंनी विचारलं.

विक्रम हसला. मला प्रश्न रास्त वाटला.

पुढं विक्रमनं आमची गाडी विकायची ठरवली. दौंडचे जालिंदरभाऊ लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या भाड्यानं देतात, ते बघायला येणार होते. साखरबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. विक्रमनं गाडी दुरुस्त करून घेतली आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी शिक्रापूरपर्यंत फिरवून आणली. इंजिन चांगलं तापलं होतं. पाहुणे आले तसे विक्रम त्यांना ओसरीवर चहाला घेऊन गेला.

तेवढ्यात साखरबाई फडकं घेऊन आल्या. डॅशबोर्ड पुसला. आणि त्यांनी मला पूर्ण बाहेर ओढलं.

भर दुपारी! मला काहीच उमगेना. चुकून झालं म्हणावं, तर आयुष्यभर त्यांची चूक झाली नव्हती. वय झालं म्हणावं, तर हात जराही थरथरला नव्हता.

विक्रमनं किल्ली फिरवली. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा तेच. पेट्रोलचा वास अंगणभर पसरला.

"वरातीत अशी बसली तर नवरदेवानं धक्का मारायचा का?" जालिंदरभाऊ म्हणाले.

विक्रमनं खाली पाहिलं. मी त्याच्या नजरेसमोरच होतो. तो याच गाडीवर शिकलेला, त्याला सगळं कळलं. त्याचा हात माझ्यापर्यंत आला. मग त्यानं आईकडं बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या, फडक्याची घडी घालत.

त्यानं हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," तो म्हणाला. "इंजिन गेलंय वाटतं. तुम्हाला उगा हेलपाटा पडला."

मित्रांनो, इंजिन तापल्यावर चोक आत लोटा, जुन्या यंत्राची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण हे ज्या दोघांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच त्या दुपारी मला तसंच बाहेर राहू दिलं, आणि गाडी घरात राहिली. आता तुम्हाला काय शिकवावं, ते मलाच कळेनासं झालंय.