लाडूबाईची मान

पिंपळगाव राजाच्या बाजारात सकाळपासून माणसं एका बकरीच्या पाया पडत होती. बकरीचं नाव लाडूबाई. गळ्यात झेंडूची माळ, तोंडात कुणाच्या तरी नारळाची शेंडी.

"मातेनं मान हलवली म्हंजे होय, गप राह्यली म्हंजे नाही," काठी टेकून बकरीचे मालक, एक महाराज, सांगत होते. "मागच्या जन्मी काशीची पंडित होती. या जन्मी मौन आहे."

रांगेत माझे पंजाबमामा होते. मागे त्यांची मुलगी काजल, दहावीला एक्क्याण्णव टक्के. तिला अकरावी सायन्ससाठी नांदुऱ्याला जायचं होतं, अर्जाचा शेवटचा दिवस होता, आणि मामांनी निर्णय बकरीवर सोपवला होता.

"मामा, काजलले विचारा ना. बकरीले काऊन?"

"गप वं पूनम. मोठमोठे लोक विचारून राह्यले."

मी बारावीला मानसशास्त्र घेतलंय. राबिया मॅडमनी वर्तनवाद शिकवल्यापासून मी गोठ्यातली सगळी जनावरं आणि माझा भाऊ तपासून मोकळी झालेय. वर्तनवादी म्हणतात, मनात काय ते सोडा. खूण कोणती, बक्षीस कोणतं, ते बघा. म्हणून मी महाराजांकडे बघत बसले. 'होय' हवं असलं की त्यांच्या हातातलं पितळी कडं काठीवर टिंग वाजे, बकरी मान हलवे, आणि लगेच तिला गूळ मिळे.

मामांनी विचारलं, "पोरीले नांदुऱ्याले धाडू का?"

कडं गप्प. बकरी गप्प. काजलचा चेहरा उतरला.

"अडथळा आहे," महाराज म्हणाले. "अकरा नारळांची शांती करा."

"थांबा, मी विचारते." मी शाळेचा डबा काढून त्यावर चमचा वाजवला. "माते, तू गाढव आहेस?" टिंग. होय. "महाराज खोटं बोलतात?" टिंग, टिंग, टिंग. लाडूबाईची माळ तुटेस्तोवर होय.

"लय खरं बोलते बाप्पा," रांगेतल्या अंबूबाई म्हणाल्या.

"माता कोपली," महाराज पुटपुटले.

"मग कडं काढून विचारा."

"ते निघत नाही."

"साबण आणू?" गर्दीतून कुणीतरी अदबीनं विचारलं. महाराज बकरी ओढत बसस्टँडकडे निघाले. बकरी मात्र माझ्या डब्याकडे ओढत होती.

मामा ओशाळले. "म्हंजे आपणबी बकरीच का वं? शंख वाजला का हात जोडतो."

"तेवढं वर्तनवादाले बरोबर समजते मामा. पण काजलले रात्रभर अभ्यासासाठी कोणी गूळ दिला? उलट तुम्ही लाइट बंद करत होते. ते आतून येते. अन् आतलं बाहेरून दिसत नाही, विचारा लागते."

मामा वळले. "काजल, तुले जायचं काय?"

"हाव," ती म्हणाली. मान जराही न हलवता. मग तिथेच मोबाइलवर अर्ज भरला.

एखाद्याच्या आयुष्याचा प्रश्न असेल, तर आधी त्यालाच विचारा. त्याला तोंड दिलेलं आहे.