घासलेला जोड

माझ्या धाकट्या जावेचं वेल्डिंग म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण. हे मी जळून बोलतेय, कबूल. पण खोटं बोलत नाही. दोघीही घरामागच्या शेडमध्ये, एकाच मशीनवर शिकलो. माझी शिवण सरळ, टाक्याला टाका लागून. तिचे जिथं तिथं गोळे. मग बाईसाहेब ग्राइंडर घेऊन बसतात, सगळं घासून सपाट करतात, खड्ड्यांत पुट्टी भरतात आणि वर काळा रंग. झाकली मूठ!

सासूबाईंचे गुडघे गेले, तेव्हा जिन्याचा डावा कठडा तिनं केला, उजवा मी. सासूबाईंनी तिच्या कठड्यावरून हात फिरवला. "अगदी विकत आणल्यासारखा गं!" मग माझ्या कठड्यावरून फिरवला. "हा काय, घासायचा राहिला वाटतं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत मला त्यांच्या तोंडून एक 'छान' हवं होतं, एकच. ते धाकटी पुट्टी भरून घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मी माझ्याच जोडांवर ग्राइंडर लावला. आता पुरे, हे कळत होतं. पण शेजारी तिचा कठडा चमकत होता, म्हणून आणखी दाबला. शिवण तर गेलीच, खालचा पाइपही पातळ झाला. रंग मारल्यावर मात्र काय दिसला म्हणता!

संध्याकाळी सासूबाईंनी त्याच्यावर भार टाकला आणि खालचा जोड कटकन वाजला. "अगं बाई, हलतोय!" धाकटीनं त्यांना दंडाला धरून सावरलं. तेही तिनंच! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण त्या पडल्या असत्या तर, हे मनात आलं आणि मी तडक शेडमधून मशीन आणायला गेले.

मी पातळ झालेला तुकडा कापला, नवा पाइप बसवला, जोड दिला आणि ग्राइंडरला हातही लावला नाही. धाकटी शेजारी उभी राहून बघत होती. "ताई, असं मला जन्मात जमणार नाही," ती म्हणाली. तिचं 'छान' कोणाला हवं होतं?

सासूबाईंनी कठडा गदागदा हलवून पाहिला. "आता कसा पक्का झाला! धाकटीनं केला ना?"

"नाही हो आई, ताईंनी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खरंच कौतुकानं पाहिलं, पहिल्यांदाच.

"बघ," त्या म्हणाल्या, "तिचं बघून बघून शिकलीस की नाही?"