तूर भरडायचे दोन दिवस

"आई, डाळीच्या मशीनवाला चौकात थांबून राह्यला. तुई तूर देतं का नाई?" निकेशनं गाडी बंद न करताच विचारलं.

"मले जात्यावरची डाळ लागते."

"मिक्सर चालते, मोबाइल चालते, इथंच काऊन अडते तुह्यं? आमाले त चवीत काई फरक कळत नाई."

"तुमाले कळत नाई म्हणून नसते का?"

फरक मलाही कळत नव्हता. पण हे पोराला सांगायचं कसं?

आंजीतलं आमचं शेत वाटलं गेलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. विहिरीच्या पाण्यावरून दोघे भाऊ भांडले आणि आम्हा जावांचं बोलणं थांबलं. आता ते दोघेही नाहीत. अबोला मात्र राहिला. जातं माझ्या पडवीत होतं. वाटणीनंतरच्या पहिल्याच चैत्रात माझी धाकटी जाऊ कोकिळा तुरीचं टोपलं घेऊन आली, कारण भरडायला समोर दुसरी लागतेच. एक दिवस तिची तूर, एक दिवस माझी. एका खुंट्यावर दोघींचे हात, नजर खाली. तेवढ्या दोन दिवसांत आम्ही वर्षाचं बोलून घेतो. मग रस्त्यात समोरासमोर आलो तरी ती तिच्या वाटेनं, मी माझ्या.

संध्याकाळी निकेश सांगत आला, "काकीची तूर त तिच्या रोशननं देऊन टाकली मशीनवर. खांदा उचलत नाई म्हणे तिचा. डाळ डब्यात भरली बी."

मी माझ्या तुरीचं टोपलं उचलून पडवीत जात्यापाशी नेऊन ठेवलं.

सकाळी ऊन चढायच्या आत एकटीच जात्याशी बसले. चार-पाच फेऱ्यांतच दम लागला. हात खुंट्यावर ठेवून तशीच बसून राहिले.

दारात कोकिळा उभी होती. हात रिकामे.

"तुई डाळ त झाली म्हणते," मी जात्याकडे पाहतच म्हटलं.

"झाली. तुमची राह्यली ना, बाई."

भिंत धरून ती समोर बसली. उजवा हात वर होईना. तिनं तो डाव्या हातानं उचलला आणि खुंट्यावर, माझ्या हातावर ठेवला. जोर असा त्यात नव्हताच. उलट त्याच्या भारानं जातं आणखी जड झालं.

"दवाखान्यात गेलती का?" मी विचारलं.

"सांगतो सारं. हळू फिरवा."

निम्मे दाणे अख्खेच बाहेर पडत होते. मी ते गोळा करून पुन्हा जात्यात टाकत राहिले.