थोरल्याकडचे देव

सावळेरामने फडक्याचं गाठोडं धाकट्या भावाच्या, सयाजीच्या ओसरीवर ठेवलं आणि गाठ सोडली. आत घरचे देव होते. खंडोबा, भवानी, वाडवडिलांचे चांदीचे टाक, सगळे चिंचेने घासून लख्ख केलेले.

"आजपास्नं तू पूज," तो म्हणाला.

देव थोरल्याकडेच राहायचे, हा वारूळवाडीतल्या त्या घराण्याचा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. "काशीला निघालास व्हय, दादा?" सयाजीने विचारलं.

"काशीबिशी नाय. मी ख्रिस्ती व्हतोय. नाताळात बाप्तिस्मा हाय."

वहिनी वारल्यापासून दादाला देवाचा नाद लागला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. डेअरीत दुधाची फॅट मोजायचं काम आटोपलं की हा गडी कधी लेण्याद्रीच्या रिकाम्या लेण्यात जाऊन बसे, कधी सत्संगाला, कधी दहा दिवसांचं मौन धरून येई. घरचे हसायचे. हौस फिटली की माणूस येतो ठिकाणावर, असा सयाजीचा होरा होता. २००३ सालच्या त्या कार्तिकात तो पार चुकला.

"काय आमिष दाखवलं रं त्यांनी?"

"आमिष कसलं? फादर म्हणाले, दोन वरसं थांब, इचार कर. थांबलो." सावळेरामने फडक्यातला एक टाक सरळ केला. "सगळीकडं मला सांगत्यात, दुःख सोड. तिथं देवच मार खाल्लेला, खिळ्यांवर टांगलेला. वाटलं, ह्याला माझं कळंल."

"मग हे नदीत का नाय सोडलंस?"

"आपल्या बानं पुजलेलं हाय ते."

सयाजीला राग यायला हवा होता. पण त्याने गाठोडं उचलून आत नेलं.

महिन्याभराने चंपाषष्ठी आली. खंडोबाची तळी, म्हणजे भंडारा-खोबऱ्याचं ताम्हण, पाच पुरुषांनी मिळून उचलायची, पहिला हात थोरल्याचा. बोलावलं म्हणून सावळेराम आला, पण ओसरीवरच थांबला.

"दादा, नाताळ लांब हाय अजून. तवर तरी हात लाव."

"मनानं गेलोय मी. खोटा हात लावला तर तुझ्या देवाला बी फसवल्यागत व्हईल."

शेवटी पाचवा म्हणून शेजारच्या जानकूला हाक मारली. येळकोट म्हणत पहिला हात सयाजीने लावला.

तळी झाल्यावर सयाजीची बायको साळुबाई बाहेर आली. तिने थोरल्या दिरापुढे भाकरी आणि वांग्याच्या भरताचं ताट ठेवलं. "निवदाच्या आधी बाजूला काढलंय, दादा, देवाला दावलेलं नाय. खावा निवांत."

देवाच्या आधी या घरात कुणाचंच ताट निघालं नव्हतं. तो बायकोवर खेकसणार होता, तेवढ्यात दादाने छातीवर क्रुसाची खूण केली, मान खाली घातली आणि पहिला घास घेतला. सयाजी उंबऱ्यावर बसला.

भाकरी संपत आली. एरवी दादा हक्काने मागून घ्यायचा. आज तो मागेना. सयाजी भाकरीची दुरडी घेऊन त्याच्यापुढे वाकला.

"अजून वाढू का?" त्याने विचारलं. सख्ख्या भावाला असं विचारायची वेळ त्याच्यावर कधीच आली नव्हती.