काज आधी शिवायचं

"पित्ताची गोळी म्हणे! घेतली तरी उलटी, नाही घेतली तरी उलटी. मग घशाला कशाला शिक्षा?" सासूबाई शिवणयंत्रामागून पुटपुटल्या. मला ऐकू जावं इतपतच. मी हातभर अंतरावर बटणं निवडत बसले होते.

उद्या त्यांचं तिसरं सलाइन. "मी काही येत नाही," असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. त्यावर त्यांचा लेक, म्हणजे आमचे हे, "अल्सरचा कोर्स अर्धा सोडत नसतात, आई," म्हणाले आणि चपला घालून सटकले. तीन महिने आमच्या घरात हा अल्सर सुखाने नांदतोय.

"आई, ती गोळी घेता कधी?"

"उलटी झाल्यावर. पित्त उठायच्या आधी कुणी पित्ताची गोळी घेतं का?"

पाकिटावर 'सलाइनआधी अर्धा तास' मीच लिहिलं होतं. औषधाच्या दुकानात वीस वर्षं हेच करतेय. पण का, ते सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की पुढचं सगळं निघालं असतं.

"ती आधीच घ्यायची," मी म्हटलं. "सलाइनमधलं औषध रक्तातून पोटाच्या अस्तरापर्यंत जातं. तिथल्या पेशी चिडतात आणि सेरोटोनिन म्हणून एक रसायन सोडतात. शेजारीच व्हेगस नावाच्या नसेची टोकं असतात. त्यांत ते अडकलं की नस थेट मेंदूला कळवते. मग मेंदू म्हणतो, ओक."

"म्हणजे बटण नि काज."

"अगदी. गोळी त्या काजातच जाऊन बसते."

"मग बटण अडकल्यावर काज शिवून बंद करून काय उपयोग? दोन वेळा आतडी पिळवटून निघाली माझी. तोंडाला कुलूप होतं तुझ्या?"

पोटाचं अस्तर क्षणात कळवून मोकळं होतं. आम्ही नवरा-बायको, दोन धडधाकट माणसं, तीन महिने तोंड शिवून.

त्यांनी यंत्र थांबवलं. दाताने दोरा तोडला, डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढला.

"अल्सरने केस जातात का गं?"

मी बटणं उगाच पुन्हा मोजली.

"वर बघ. उद्या येते मी. गोळीही आधी घेते. पण कशासाठी जातेय, ते कुणीतरी एकदा तोंडाने सांगा."

"कॅन्सर आहे, आई," मी म्हणाले.