पंपावरचा मोबाईल

वादळानं गावाची लाईट नेली त्याला तीन दिवस झाले होते. टॉवर तेवढा जनरेटरवर चालू होता, पण सोमारीचा मोबाईल सकाळीच मेला.

एरवी ती म्हणाली असती, जाऊ दे. पण काल लेक करिश्मा आपली आपण उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि धप्पकन बसली. तिचा बाप धनराज मिरची तोडायला तेलंगणात गेला तेव्हा ही नुसती बसायची. आज साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, तो व्हिडिओ कॉल करणार होता. उद्यापासून त्याची टोळी नदीपलीकडच्या वावरात जाणार, तिथं महिनाभर रेंज नाही. तोवर पोरगी पळायला लागेल. ही डगमगती पावलं बापाला मग कुठं दिसायची?

"आत्या, कोणाचा तरी चालू असन का मोबाईल?"

सासू बुधरी अंगणात मोहफुलं पसरत होती. "सगळ्यायचे मेले. कानाले कसं बरं वाटून राह्यलं."

तेवढ्यात शेजारचा कोलू कुंपणापाशी आला. पाठीवर बॅटरीचा नवाकोरा फवारणी पंप, मागच्या बाजारी चामोर्शीहून आणलेला. औषधाचा थेंबही त्यात अजून पडला नव्हता. नुसतं पाणी भरून त्यानं चालवून पाहिला होता.

"वयनी, याले मोबाईल लावाचं भोक हाये. दुकानदारानं दाखोलं मले."

सोमारीनं आत धावत जाऊन वायर आणली. कोलूची वायर जाड पिनीची, तिच्या जुन्या मोबाईलला चालत नव्हती. आणि तिची स्वतःची मानेपाशी मोडलेली, एका बाजूला दाबून धरली तरच चालणारी. तिनं दाबून धरली. काहीच नाही. पिन पुसली, फुंकर मारली. तरी नाही.

"वयनी, पंपाचं बटन तं बंद हाये."

"मीच केलं. तुमची बॅटरी काऊन जाळाची?"

"बटनाबिगर करंट कुठून येईल?" कोलूनं बटन दाबलं.

नळी धुताना त्यानं तिचा खटका दोरीनं बांधून ठेवला होता, ते त्याच्या ध्यानातच नव्हतं. पंप घुरघुरला आणि पाण्याचा फवारा थेट बुधरीच्या मोहावर गेला.

"दोन दिवसाचं वाळवण हाये ते," बुधरी सूप उगारत उठली. "धान समजला का तू याले, कोलू?"

कोलूनं घाईघाईनं दोरी सोडली. पंप गप्प झाला, पण बटन चालूच होतं, आणि सोमारीच्या हातातला मोबाईल उजळला.

आता ती हलूही शकत नव्हती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं वायरची मान दाबलेली. जरा अंगठा सैल पडला की चार्जिंग बंद. एक टक्का, दोन टक्के. मोबाईल धरलेल्या हाताच्याच अंगठ्यानं तिनं तो चालू केला.

फोन वाजला. धनराजचं उन्हानं करपलेलं तोंड दिसलं, मागं मिरचीचा लाल ढीग.

"लवकर पाहा," सोमारी म्हणाली. "आत्या, सोडा तिले."

बुधरीनं नातीला तीन हात अंतरावर उभं केलं आणि लुगडं तिच्या मुठीतून सोडवलं. करिश्मा हलली, वाकली. पडतेय असं सोमारीला वाटलं. पण झेलायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता.

"करिश्मा, ये इकडे," मोबाईलमधून बाप म्हणाला.

पोरीनं मान वर केली. एक पाऊल. दुसरं, ओल्या मोहफुलांवर. तिसरं. धनराजच्या मागं दोन-तीन डोकी गोळा झाली. "माही पोरगी हाये," तो त्यांना सांगत होता, "चालून राह्यली, पाहा ना बे." पाचवं, सहावं, आणि करिश्मा येऊन आदळली ती सरळ मोबाईलवर. दोन्ही मुठींनी तिनं वायर ओढली.

पडदा काळा झाला.

"बापावरच गेली," बुधरी म्हणाली. "आली का पयले मोबाईल धरला."

कोलू वायर उचलायला वाकला. "लावू परत?"

"राहू द्या भाऊ," सोमारी म्हणाली. तिनं मोबाईल खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी लेकीला उचलून घेतलं. "पाह्यलं त्यायनं."